दुकान बुडालेला कवी : हाइन्रिख हाइने

इ. स. १८१९ मध्ये हॅम्बुर्ग या जर्मन बंदरातील कापडाची एक लहानशी पेढी बंद पडली. ‘हॅरी हाइने आणि कंपनी’ असे तिचे नाव. भांडवल श्रीमंत काकांचे, माल इंग्लंडातला आणि गादीवर बसलेला मालक अवघा एकवीस वर्षांचा. पेढी जेमतेम वर्षभर चालली. व्यापाराच्या शहरात अशी दुकाने निघतात आणि बुडतात. त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. या दुकानाची आठवण राहिली ती त्याच्या मालकामुळे. हिशेबापेक्षा कवितेत रमणारा हा तरुण पुढे हाइन्रिख हाइने या नावाने साऱ्या युरोपात गाजला.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ताळेबंदाच्या एका बाजूला देणी लिहितो आणि दुसऱ्या बाजूला मालमत्ता. हाइनेच्या आयुष्याचा ताळेबंद मांडायला बसले तर देण्यांची बाजू भरतच जाते : बुडालेले दुकान, बदललेला धर्म, सुटलेला देश, काकांच्या पैशापायी आलेली लाचारी आणि शेवटी आठ वर्षांचे अंथरूण. मालमत्तेच्या बाजूला एकच रक्कम उरते. ती कोणती, हे त्याचे चरित्र पाहिल्यावरच उमगते.

हाइनेचा जन्म १७९७ च्या डिसेंबरात ऱ्हाइन नदीच्या काठी ड्युसेलडॉर्फ या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सामसोन हाइने कापडाचे व्यापारी. इंग्लंडमधील एका व्यापारी मित्राच्या नावावरून त्यांनी मुलाचे नाव हॅरी ठेवले. या नावाने मुलाला शाळेत बराच त्रास दिला. गावातला एक कचरा गोळा करणारा माणूस आपल्या गाढवाला हाकताना जो आवाज काढी तो ‘हॅरी’सारखा ऐकू येई, आणि वर्गातली मुले त्यावरून त्याला चिडवीत. गाढवाची ही गोष्ट हाइनेने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतही सोडली नाही. आई बेट्टी ही वैद्यांच्या घराण्यातली, शिकलेली आणि महत्त्वाकांक्षी स्त्री. मुलाने कवी व्हावे असे मात्र तिला कधीही वाटले नाही.

त्या काळी ड्युसेलडॉर्फवर फ्रेंचांचा अंमल होता. नेपोलियनच्या कायद्याने ज्यूंना इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क दिले होते. १८११ साली नेपोलियन गावात आला तेव्हा तेरा वर्षांच्या हॅरीने त्याला राजउद्यानातून घोड्यावरून जाताना पाहिले, आणि ते दृश्य त्याच्या मनात कायमचे ठसले. मुलाने बादशहाच्या पदरी मोठा हुद्दा मिळवावा, हे आईचे स्वप्नही याच दिवसांतले. पुढे नेपोलियन पडला आणि १८१५ साली ऱ्हाइनकाठचा तो मुलूख प्रशियाकडे गेला. आईने स्वप्न बदलले. रॉथशिल्ड घराण्याची भरभराट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तेव्हा मुलाने सावकारी पेढीचे काम शिकावे असे ठरले.

हॅरीला प्रथम फ्रँकफुर्टला एका पेढीवर उमेदवारीस धाडले. फ्रँकफुर्टात ज्यूंची अरुंद, कोंदट गल्ली शतकानुशतके वेगळी राखलेली होती आणि फ्रेंच गेल्यावर ज्यूंवरील निर्बंध पुन्हा डोके वर काढीत होते. ड्युसेलडॉर्फच्या मोकळ्या हवेत वाढलेल्या मुलाला आपण ज्यू आहोत म्हणजे काय, हे येथे कळले. पेढीवर तो फार दिवस टिकला नाही. १८१६ साली त्याची रवानगी हॅम्बुर्गला काका सालोमन हाइने यांच्या पेढीवर झाली.

सालोमन काका हे मोठे प्रस्थ होते. तरुणपणी रिकाम्या हाताने हॅम्बुर्गला आलेला हा माणूस जर्मनीतील अतिश्रीमंत सावकारांत गणला जाऊ लागला होता. पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी हॅम्बुर्गात बांधलेले ज्यू रुग्णालय पुढे १८४३ साली सुरू झाले. पुतण्याला त्यांनी आधार दिला, पण त्याच्या कवितेचे मोल त्यांना कधी कळले नाही. हॅरी त्यांच्या मुलीच्या, अमालीच्या प्रेमात पडला. तिने त्याला दाद दिली नाही आणि १८२१ साली एका जमीनदाराशी लग्न केले. मिळालेल्या नकाराने पेढीवरच्या उमेदवाराच्या वहीत मात्र कविता उतरू लागल्या. १८१७ साली त्याच्या पहिल्या कविता हॅम्बुर्गच्या एका नियतकालिकात आल्या, त्या टोपणनावाने. आपले नाव व गाव यांची अक्षरे उलटसुलट करून त्याने ते नाव बनवले होते. सावकाराच्या पुतण्याला कवी म्हणून ओळखले जाणे बाजारात परवडण्यासारखे नव्हते!

पुढच्याच वर्षी काकांनी त्याला दुकान काढून दिले आणि ते कसे बुडाले हे आपण पाहिलेच. त्याच सुमारास वडिलांचा व्यापारही मोडला. मग आईचे तिसरे स्वप्न पुढे आले : मुलाने वकील व्हावे. खर्च पुन्हा काकांचाच. १८१९ मध्ये हॅरी बॉन विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी दाखल झाला.

बॉनला त्याने कायद्यापेक्षा साहित्याच्या वर्गांत अधिक लक्ष घातले. तेथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल शिकवत होता. हाच तो श्लेगेल, ज्याने जर्मनीत संस्कृतच्या अध्ययनाचा पाया घातला आणि १८२३ साली भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. भारताविषयीचे कुतूहल हाइनेला याच वातावरणात लागले. पुढे त्याच्या एका प्रसिद्ध गीतात प्रेयसीला घेऊन गंगेच्या काठी, कमळांच्या बागेत जाण्याचे स्वप्न आले आणि फेलिक्स मेंडेल्सझोन या संगीतकाराने त्याला चाल दिली. हाइनेने गंगा कधी पाहिली नाही. ज्याला स्वतःच्या नदीकाठी परके ठरवले जात होते, त्याने मनाने दूरची नदी जवळ केली, याचे आपणा भारतीयांना विशेष वाटावे.

बॉननंतर ग्योटिंगेन. तेथे द्वंद्वयुद्धाच्या आव्हानावरून विद्यापीठाने त्याला काही काळ काढून टाकले. मग तो बर्लिनला गेला. तेथे त्याने हेगेलची व्याख्याने ऐकली, राहेल फार्नहागेन या विदुषीच्या बैठकीत त्याला लेखक-विचारवंतांचा सहवास लाभला, आणि १८२२ साली तो ज्यूंची संस्कृती व ज्ञान यांच्या अभ्यासासाठी निघालेल्या एका तरुण मंडळात सामील झाला. एदुआर्ट गान्स आणि लेओपोल्ट त्सुन्त्स ही त्यातील प्रमुख मंडळी. ज्यूंनी आपला इतिहास आधुनिक पद्धतीने अभ्यासावा, आणि आपली ओळख न पुसता युरोपचे नागरिक व्हावे, हा त्यांचा हेतू. मंडळ फार काळ चालले नाही. पण हाइनेच्या मनात बी पडले. ‘बाखेराखचा राबी’ ही कादंबरी त्याने याच काळात हाती घेतली. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री दोन अनोळखी पाहुणे राबीच्या पंगतीला येतात आणि मेजाखाली एका मुलाचे प्रेत गुपचूप ठेवतात. ज्यूंनी खून केला असा आळ घेऊन साऱ्या वस्तीची कत्तल करण्याचा हा डाव राबी ओळखतो आणि पत्नीला घेऊन ऱ्हाइन नदीतून रातोरात पळतो. अशी या कथेची सुरुवात आहे. ही कादंबरी तो कधीच पुरी करू शकला नाही.

त्याच सुमारास त्याने ‘आल्मान्सोर’ हे नाटक लिहिले. विषय स्पेनचा : ग्रानाडा पडल्यावर तेथील मुसलमानांवर लादलेले धर्मांतर आणि चौकात जाळलेले कुराण. नाटकातली माणसे मुसलमान असली तरी लेखकाच्या डोळ्यांसमोर त्याचे स्वतःचे लोकही होते, हे जाणत्या वाचकाला सहज कळते. १८२३ मध्ये ब्राउनश्वाइगला झालेला त्याचा पहिला प्रयोग प्रेक्षकांच्या गोंगाटात पडला.

धर्मांतराचे नाटक लिहिणाऱ्या लेखकावरच थोड्या दिवसांत तो प्रसंग आला. १८१२ साली प्रशियाने ज्यूंना नागरिकत्व दिले होते. परंतु १८२२ साली विद्यापीठात शिकवण्याचे दार त्यांना पुन्हा बंद केले. शिकून सवरूनही सरकारी नोकरी नाही आणि प्राध्यापकी नाही. त्यावर एकच उपाय होता. २८ जून १८२५ रोजी हाइलिगेनश्टाट या गावी, फारसा गाजावाजा न करता, हॅरी हाइने याने प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नाव झाले हाइन्रिख. पुढच्याच महिन्यात ग्योटिंगेनहून त्याला कायद्याची डॉक्टरेट मिळाली. मंडळाचा पुढारी गान्स यानेही त्याच वर्षी हाच मार्ग पत्करला आणि त्याला बर्लिनमध्ये प्राध्यापकपद मिळाले.

हाइनेला मात्र काहीच मिळाले नाही. हॅम्बुर्गात वकिली जमली नाही, म्युनिकला प्राध्यापकपदाची आशा होती तीही फळाला आली नाही. ख्रिस्ती लोकांच्या लेखी तो ज्यूच राहिला आणि ज्यूंच्या लेखी तो धर्म सोडून गेलेला. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर किंमत पुरी मोजली आणि माल हाती आला नाही. हा सल त्याला जन्मभर राहिला. त्याच्या विनोदाला जी धार आहे, ती बरीचशी याच सलातून आलेली आहे. ही धार कधीकधी भलतीकडेही चाले. कवी प्लाटेनने त्याच्या ज्यूपणावर हल्ला केला तेव्हा हाइनेने उलट त्याच्या खासगी जीवनाची अशी निंदा केली की हाइनेच्या मित्रांनाही ती रुचली नाही. तो संत नव्हता. दुखावलेला माणूस होता.

पण याच वर्षांत त्याची खरी कमाई झाली. १८२६ पासून त्याच्या ‘प्रवासचित्रां’नी जर्मन गद्याला खेळकर, बोलके वळण दिले. १८२७ साली हॅम्बुर्गच्या युलियुस काम्पे या प्रकाशकाने त्याचा ‘गीतांचे पुस्तक’ हा संग्रह काढला. आरंभी ते पुस्तक सावकाश खपले. तरी हाइनेच्या हयातीतच त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. शब्द साधे, लोकगीतासारखी लय, आणि शेवटच्या ओळीत भावनेवर अचानक मारलेली एक चपराक, ही त्याची रीत. शूबर्ट आणि शूमान यांनी या कवितांना चाली दिल्या. ऱ्हाइनच्या खडकावर केस विंचरीत बसलेल्या लोरेलाय या सुंदरीवरचे त्याचे गीत तर फ्रीड्रिख जिल्खरच्या चालीवर घराघरांत लोकगीताप्रमाणे गायिले जाऊ लागले.

१८३० साली पॅरिसमध्ये क्रांती झाली, आणि १८३१ च्या मे महिन्यात हाइने पॅरिसला गेला. गेला तेव्हा तो स्वखुशीने गेला होता. परतीची वाट पुढे बंद झाली. जर्मन वृत्तपत्रांसाठी तो फ्रान्सचे राजकारण, चित्रकला आणि संगीत यांवर लिही. फ्रेंच वाचकांना जर्मन धर्म, तत्त्वज्ञान आणि साहित्य समजावून देई. दोन शेजारी राष्ट्रे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून भांडतात, असे त्याला वाटे आणि त्यांच्यामध्ये दुभाषी होण्याचे काम त्याने अंगावर घेतले. १८३५ च्या डिसेंबरात जर्मन राज्यसंघाने ‘तरुण जर्मनी’ या नावाखाली काही लेखकांच्या लेखनावर बंदी घातली. त्या यादीत हाइनेचे नाव होते. छापलेली पुस्तके आणि पुढे लिहिली जाणारी पुस्तकेही गुन्हेगार ठरली.

परदेशातला लेखक, आणि ज्या देशात त्याचे वाचक आहेत तेथे त्याच्या लेखनाला बंदी. उपजीविका कशी व्हावी? काकांकडून वार्षिक नेमणूक येई. फ्रेंच सरकारकडूनही त्याला गुप्तपणे सालिना ४८०० फ्रँक मिळत. १८४८ साली ही गोष्ट उघडकीला आली तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. १८४१ साली त्याने माटिल्डशी विवाह केला. ती पूर्वी चपलांच्या दुकानात विक्रीचे काम करीत असे. तिला जर्मन येत नव्हते. ज्या शब्दांसाठी नवऱ्याला एक देश डोक्यावर घेत होता आणि त्याच देशाचे सरकार त्याच्यावर डोळे वटारीत होते, ते शब्द त्याच्या घरात वाचता येत नव्हते. तरी त्याने तिच्यावर मनापासून माया केली.

ज्यूंचा प्रश्न धर्म बदलून सुटला नव्हता, हे १८४० साली पुन्हा दिसले. दमास्कसमध्ये एक ख्रिस्ती धर्मगुरू नाहीसा झाला आणि ज्यूंनी विधीसाठी त्याचा खून केला असा आळ आला. निरपराध ज्यूंना पकडून त्यांचा छळ झाला आणि तेथील फ्रेंच वकिलाने त्यात हात घातला. हाइनेने पॅरिसहून आपल्या वार्तापत्रांत याविरुद्ध सडेतोड लिहिले; ज्या फ्रेंच सरकारचे पैसे तो घेत होता त्याच्या मुख्यमंत्र्यालाही त्याने सोडले नाही. त्याच वर्षी त्याने अर्धवट राहिलेला ‘बाखेराखचा राबी’ आहे तसा प्रसिद्ध केला. मध्ययुगातली म्हणून लिहायला घेतलेली गोष्ट त्याच्या काळातलीच निघाली होती.

१८४३ साली, बारा वर्षांनी, आईला भेटण्यासाठी तो हॅम्बुर्गला जाऊन आला. त्या प्रवासातून ‘जर्मनी : एक हिवाळी कथा’ हे दीर्घ उपहासकाव्य जन्मले. पॅरिसमध्ये त्याची तरुण कार्ल मार्क्सशी मैत्री झाली होती. १८४४ साली सायलेशियातील उपाशी विणकरांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्यावर हाइनेने लिहिलेली कविता पॅरिसमधील जर्मन वृत्तपत्रात छापली गेली. एकेकाळी गिरणीचे कापड विकायला बसलेला माणूस आता कापड विणणाऱ्यांच्या बाजूने बोलत होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सालोमन काका वारले. मृत्युपत्रात पुतण्याला एक ठरावीक रक्कम होती. वार्षिक नेमणुकीचा उल्लेख नव्हता. चुलतभाऊ कार्ल याने ती पुढे चालू ठेवण्यास अट घातली : कुटुंबाविषयी त्यांना न रुचेल असे काही छापायचे नाही. दोन वर्षे भांडण चालले. शेवटी हाइनेने अट मान्य केली. सरकारच्या बंदीपुढे न वाकलेली लेखणी पोटासाठी घरच्यांपुढे वाकली. या झगड्यात आधीच ढासळलेली त्याची प्रकृती पार कोसळली.

१८४८ च्या मे महिन्यात तो शेवटचा घराबाहेर पडला. लूव्हर संग्रहालयात मिलोच्या व्हीनसच्या पुतळ्यापाशी जाऊन त्याचे पाय गळाले. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे तो अंथरुणालाच खिळून होता. जमिनीवर एकावर एक रचलेल्या गाद्यांना तो आपली कबरच म्हणे. अर्धांगवायूने पापणी उघडेना. वाचायचे तर ती बोटाने वर उचलावी लागे. वेदना शमवायला अफू. हॅम्बुर्गच्या वृद्ध आईला मात्र त्याने यातले काही कळू दिले नाही. डोळे जरा अधू झाले आहेत म्हणून पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतो, एवढेच तो तिला कळवी आणि पत्रात थट्टामस्करी भरून पाठवी.

त्या अंथरुणावरून १८५१ साली ‘रोमान्त्सेरो’ हा संग्रह निघाला. त्याच्या अखेरच्या भागाचे नाव ‘हिब्रू गीते’. त्यात मध्ययुगीन स्पेनमधील ज्यू कवी येहुदा हालेवी याच्यावर एक लांबलचक कविता आहे. हा कवी आयुष्यभर यरुशलेमच्या ओढीने गात राहिला आणि उतारवयात तिकडे जाण्यास निघाला. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीत हाइनेला आपला खरा भाऊबंद सापडला. देवावरची श्रद्धा त्याच्या मनात परतली होती. तथापि तो ना देवळात गेला, ना सिनेगॉगमध्ये. आपल्या अंत्यविधीला कोणताही धर्मगुरू नसावा असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. १७ फेब्रुवारी १८५६ रोजी तो वारला आणि पॅरिसच्या माँमार्त्र दफनभूमीत त्याला पुरले.

मेल्यावरही त्याचा वनवास संपला नाही. ड्युसेलडॉर्फसाठी योजलेले त्याचे स्मारक विरोधामुळे तेथे उभे राहू शकले नाही. लोरेलायची मूर्ती असलेले ते कारंजे १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये उभारले गेले. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथने कॉर्फू बेटावरील आपल्या प्रासादात त्याचा पुतळा बसवला होता. तो प्रासाद पुढे जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने विकत घेतला आणि पुतळा हलवला. फिरत फिरत तो फ्रान्समधील तूलाँ येथे स्थिरावला. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेराच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत हाइनेचीही होती. होळी करणारे अडाणी गुंड नव्हते, विद्यापीठात शिकणारे आपल्यासारखेच विद्यार्थी होते, ही गोष्ट महाविद्यालयाच्या अंकात तरी विसरू नये. आज त्या चौकातील स्मृतिफलकावर ‘आल्मान्सोर’ नाटकातीलच ओळी कोरलेल्या आहेत. आणि ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठाला हाइनेचे नाव द्यावे की नाही यावर वीसहून अधिक वर्षे वाद चालला. अखेर १९८८ साली ते दिले गेले.

आता ताळेबंदाकडे वळू. दुकान गेले, धर्म गेला, देश गेला, काकांचा पैसा अटी घालून आला, शरीरही गेले. उरलेली रक्कम म्हणजे भाषा. पंचवीस वर्षे तो पॅरिसमध्ये राहिला, फ्रेंच बोलला, फ्रेंच मित्र जोडले. पण कविता अखेरपर्यंत जर्मनमध्येच लिहिली. ज्यांनी त्याला जर्मन मानायला नकार दिला, त्यांच्याच मुलांच्या तोंडी त्याची गाणी होती. भाषेवर सरकार बंदी घालू शकते, पुस्तके जप्त करू शकते, जाळू शकते. एकदा लोकांच्या गळ्यात उतरलेले गाणे मात्र कोणाला जप्त करता येत नाही.

आपल्या या अंकाची काही पाने मराठीत आहेत आणि काही कन्नडमध्ये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि पाठ्यपुस्तकात तिसरी आहे. शेजाऱ्याची भाषा आत्मसात केल्याने आपली भाषा उणी होत नाही, उलट दोन्हींमध्ये दुभाषी होता येते, हे त्या दुकान बुडालेल्या कवीने पॅरिसमध्ये बसून दाखवून दिले. व्यापारात तो हरला हे खरे. पण जी एक वस्तू त्याने कधी विक्रीला काढली नाही, तिच्याच जोरावर त्याचे नाव आजवर टिकून आहे.